छोटूची लस झाली होती, पण सिरम राहिलं होतं

मंगळवारी रात्री साडेनऊ वाजता शटर अर्धं खाली घेतलं होतं तेव्हा छोटूची आई आली, तापाचं सिरप मागायला. ऐरोलीत आमचं मेडिकल आहे, वीस वर्षं झाली, आजूबाजूच्या चाळीतली आणि सोसायट्यांमधली घरं मला कुणाला कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे इथपर्यंत माहीत आहेत. छोटूचं खरं नाव देत नाही, आठ वर्षांचा आहे, वडील एपीएमसी मार्केटला माथाडी कामगार, आजी मूळची पाटणकडची. आईला विचारूनच हे सगळं लिहितेय, तीच म्हणाली की लिहा ताई, दुसऱ्या कुणाचं तरी वेळेत होईल.

ताप कशाने आला विचारलं तर म्हणाली रविवारी कुत्रं चावलं ना, त्याचं इंजेक्शन दिलंय, त्याचा असेल. लस घेतल्यावर थोडी कणकण येते, त्यात काही विशेष नाही. सिरप काढता काढता सवयीने म्हटलं, कागद दाखव बघू. तिने पर्समधून घडी घातलेला केसपेपर काढला. त्यावर लिहिलेलं होतं, कुत्रा चावला, उजवा हात, रेबीजची लस पहिला डोस, टीटी, पुढच्या तारखा. बस. मी कागद उलटा करून बघितला, मागे कोरा.

म्हटलं, सिरम दिलं का? म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार अँटिबॉडीचं वेगळं इंजेक्शन, ते जखमेतच देतात. जखमेत इंजेक्शन दिलं का? तर ती म्हणाली, जखमेत नाही हो, दंडात दिलं, दोन दिली, एक इकडे एक तिकडे. म्हणजे एक रेबीजची लस आणि एक टीटी, धनुर्वाताची. सिरम नाहीच.

मी म्हटलं छोटूला घेऊन ये, आत्ता, मला जखम बघू दे.

रविवारी काय झालं होतं

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पोरं गल्लीच्या तोंडाशी खेळत होती, कुठून तरी एक कुत्रं आलं, ओळखीचं नव्हतं, रोजची जी तीन-चार आहेत त्यातलं नाही असं सगळी पोरं सांगतात. कुणी दगड मारला नव्हता, कुणी शेपटी ओढली नव्हती, सरळ येऊन छोटूच्या हाताला धरलं, तो खाली पडला, झटापट झाली, भाजीवाल्याने काठी आपटली तसं ते पळालं आणि परत कधी दिसलंच नाही.

पोर रडत घरी आलं. आजीने हात बघितला, रक्त होतं, तिने हळद आणि चुना एकत्र करून दाबून लावला आणि वरून ओढणी बांधली. आजीला दोष द्यायचा नाहीये मला, तिला तेच माहीत होतं, गावाकडे असंच करत आले, आणि पोराचं रक्त थांबवायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. वडील आठला घरी आले, त्यांनी रिक्षा केली आणि जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं, रविवारी रात्री जे उघडं सापडलं ते. तिथे हळद पुसून काढली, औषध लावून ड्रेसिंग केलं, दोन इंजेक्शनं दिली. टाके घातले नाहीत, ते बरोबरच केलं, कुत्र्याच्या चाव्याला शक्यतो लगेच टाके घालत नाहीत, कारण सुईने विषाणू आणखी आत ढकलला जातो.

सिरमबद्दल तिथे काही बोलले होते का, हे मी आईला तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणाले बहुतेक की उद्या मोठ्या हॉस्पिटलला दाखवून घ्या, आमच्याकडे ते नाहीये. पण इंजेक्शन तर झालं होतं ना ताई, मग कशाला परत म्हणून नाही गेलो. आणि सोमवारी ह्यांना सुट्टी मिळेना."

मी तिथे नव्हते, त्यामुळे कोण काय आणि किती नीट बोललं ते मला सांगता येणार नाही. पण कागदावर ते लिहिलेलं नव्हतं एवढं मी स्वतः बघितलं. रात्रीची वेळ, रडणारं पोर, घाबरलेली आई, अशा वेळी तोंडी सांगितलेलं अर्धं हवेत जातं. जे कागदावर नाही ते झालं नाही असंच धरायचं, मी तरी असंच धरते.

कानामागचा ओरखडा

छोटूला काउंटरच्या आत स्टुलावर बसवला. हातावरचं ड्रेसिंग सोडलं, उजव्या हाताला कोपराच्या खाली दोन दातांची भोकं, एक बऱ्यापैकी खोल, कडेला अजून चुन्याचा पांढरा थर राहिलेला. मग मी त्याला मान फिरवायला सांगितली. हे मी नेहमी करते, लहान मुलाला कुत्रं चावलं की सगळं अंग बघायचं, कारण पोरगं दुखतं तेवढंच दाखवतं. केस बाजूला केले तर उजव्या कानामागे दीड-दोन इंचाचा ओरखडा, रक्त सुकून केसांना चिकटलेलं. आई बघतच राहिली. दोन दिवस पोराला न्हाऊ घातलं नव्हतं, जखम भिजू नये म्हणून, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पडल्यावर खरचटलं की कुत्र्याच्या दाताचं, ते छोटूलाही सांगता येईना. अशा वेळी दाताचंच समजायचं.

कानामागचा म्हणून मला जास्त धडकी भरली. रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही, तो नसेतून, म्हणजे मज्जातंतूतून जातो. जखमेत लाळेतून पडतो, तिथे स्नायूत काही काळ राहतो, वाढतो, मग नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथून नसेत शिरतो आणि हळूहळू, दिवसाला काही सेंटिमीटर अशा वेगाने, मणक्याकडे आणि मेंदूकडे सरकत जातो. पायाला चावलं तर रस्ता लांब, डोक्याला-मानेला चावलं तर रस्ता अगदी छोटा. म्हणून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात असं म्हणतात तरी ते सगळ्यांना सारखं नसतं, कधी आठवड्याभरात, कधी वर्षानंतर. आणि एकदा लक्षणं सुरू झाली, पाणी बघून घसा आवळायला लागला, की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही. मुलं उंचीला कमी, कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीला त्यांचं तोंड, म्हणून डोक्या-चेहऱ्याला चावण्याचं प्रमाण मुलांमध्ये जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालची मुलंच असतात.

त्या रात्री मी एकच गोष्ट तिथल्या तिथे करू शकत होते. दुकानामागच्या नळाखाली छोटूचा हात धरला, साबण लावला आणि वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतला, मग कानामागे मग्याने पाणी ओतत तेच केलं. पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात ते प्रत्यक्ष उभं राहिल्यावर कळतं, पाचव्या मिनिटालाच माणूस म्हणतो झालं की आता. चुना सुटून पाण्याबरोबर जाताना दिसत होता. हे खरं तर रविवारी सहा पस्तीसला व्हायला हवं होतं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते आवरण फोडतो, त्यामुळे धुतल्याने नुसती घाण जात नाही, विषाणू मरतो सुद्धा. दोन दिवसांनी धुण्याचा फायदा कमी, पण उशिरा आले तरी धुवाच असं डॉक्टर लोक सांगतात, म्हणून धुतलं. वरून पोव्हिडोन आयोडीन लावलं, पट्टी बांधली नाही.

आजी दारात उभी होती. म्हणाली, "अगं पण एक इंजेक्शन झालंय ना, आणि आता तर पाचच असतात म्हणं. माझ्या भावाला तर पोटात चौदा दिली हुती."

आजीची चौदा इंजेक्शनं

आजीच्या त्या चौदा इंजेक्शनांबद्दल थोडं सांगते, कारण आजही चाळिशीच्या पुढच्या कुणाशीही कुत्र्याबद्दल बोला, चौदा इंजेक्शनं निघतातच आणि त्या भीतीने लोक दवाखान्यात जायचं टाळतात. १९११ मध्ये डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरने कसौलीला ही लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो मेंदू वाटून कार्बोलिक ॲसिडने विषाणू मारायचा आणि ते पोटाच्या कातडीखाली रोज टोचायचं. त्यात मेंदूचा भाग असल्यामुळे काहींच्या शरीराने स्वतःच्याच नसांवर हल्ला केला, हातपाय लुळे पडल्याची उदाहरणं झाली. तरी जवळजवळ शंभर वर्षं आपल्याकडे हीच लस गरिबाला मिळत होती, २००४-०५ च्या सुमाराला ती बंद झाली. आताची लस पेशींमध्ये वाढवलेल्या विषाणूची असते, मेंदूचा त्यात काही संबंध नाही, ती दंडात देतात, आणि विषाणू पूर्ण मेलेला असतो. लोक विचारतात लसीनेच रेबीज होईल का, तर नाही, मेलेला विषाणू जिवंत होत नाही.

पण आजीचा खरा प्रश्न वेगळा होता आणि तो योग्य होता. एक इंजेक्शन झालंय तर दुसरं कशाला.

मी आजीला म्हटलं, समजा गहू गिरणीत टाकलेत, दळण यायला वेळ आहे आणि पाहुणे दारात येऊन उभे राहिले, तर काय करता? आजी म्हणाली, शेजारणीकडून वाटीभर पीठ आणते. म्हटलं, बस, लस म्हणजे गिरणीत टाकलेले गहू, सिरम म्हणजे शेजारणीचं पीठ.

आता जरा नीट सांगते. लस टोचली की त्या मेलेल्या विषाणूचे तुकडे शरीरातल्या राखणदार पेशी उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, तिथे बी पेशी त्याची ओळख पटवतात, मग त्या वाढतात, मग त्या विषाणूच्या अंगावरच्या काट्यांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी बनवायला लागतात. ह्या सगळ्याला साधारण ७ ते १४ दिवस जातात. नेहमीच्या लसीत हा वेळ चालतो कारण आजार यायच्या आधी आपण लस घेतलेली असते, गोवराची घेऊन ठेवली, गोवर येईल तेव्हा येईल. रेबीजमध्ये उलटं आहे, विषाणू आधी आत शिरलाय आणि मग आपण लस देतोय, म्हणजे शर्यत सुरू झाल्यावर आपण बूट घालतोय. तो मधला आठवडा-दीड आठवडा शरीराकडे स्वतःचं काहीच नसतं. आणि तेवढ्यात विषाणू नसेत शिरला तर पुढे अँटिबॉडी कितीही बनू देत, नसेच्या आत त्यांचा हात पोचत नाही.

सिरम म्हणजे तयार अँटिबॉडी. घोड्याला टप्प्याटप्प्याने रेबीजची लस देतात, त्याच्या रक्तात भरपूर अँटिबॉडी झाल्या की रक्त काढून त्यातला हवा तो भाग शुद्ध करतात. माणसाच्या रक्तापासून केलेलं पण मिळतं, ते महाग. ह्या तयार अँटिबॉडी जखमेत आणि जखमेच्या भोवतीच टोचायच्या, कारण विषाणू तिथेच बसलाय. त्या लगेच, त्या मिनिटापासून विषाणूला चिकटतात आणि त्याला नसेत शिरू देत नाहीत. पण त्या शरीराने बनवलेल्या नाहीत, काही आठवड्यांत विरून जातात आणि मागे आठवणही राहत नाही. तोवर लसीचं काम झालेलं असतं. म्हणून दोन्ही पाहिजेत, एक उसनं आणि एक घरचं.

ही नुसती थिअरी नाही, ह्याची परीक्षा झालेली आहे. १८८५ च्या जुलैत पॅरिसला लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा चाव्यानंतरची लस दिली आणि तो वाचला, ते बहुतेकांना शाळेपासून माहीत असतं. तयार अँटिबॉडी देऊन आजार थोपवता येतो हे १८९० मध्ये बर्लिनला बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्पावर दाखवलं, बेहरिंग यांना १९०१ चं वैद्यकातलं पहिलं नोबेल त्याच्यासाठीच मिळालं. पण रेबीजमध्ये दोन्ही एकत्र दिल्यावर किती फरक पडतो ते दिसलं १९५४ मध्ये इराणमध्ये. एका पिसाळलेल्या लांडग्याने एका गावात एका रात्रीत २९ जणांना चावे घेतले. त्यातल्या १८ जणांना डोक्याला जखमा होत्या. ५ जणांना फक्त लस मिळाली, त्यातले ३ गेले. १३ जणांना लसीबरोबर सिरम पण मिळालं, त्यातला १ गेला. हे आकडे मला पाठ आहेत, कारण सिरमची गरज काय असं कुणी विचारलं की मला ती पाच माणसं आठवतात.

बुधवार, म्हणजे तिसरा दिवस

रविवार शून्य दिवस धरायचा, म्हणजे बुधवार तिसरा दिवस, दुसऱ्या डोसचा. रात्री मी छोटूच्या वडिलांशी फोनवर बोलले, म्हटलं उद्याची मजुरी गेली तरी चालेल पण उद्या सकाळी सरकारी हॉस्पिटलला जायचंच. पहिली लस दिल्यापासून सात दिवसांच्या आत सिरम देता येतं. सात दिवसांनंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी यायला लागलेल्या असतात आणि बाहेरून आणखी ओतल्या तर लसीच्याच कामात अडथळा येतो. म्हणजे आमच्या हातात रविवारपर्यंत वेळ होता, पण वेळ आहे म्हणून थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हे. विषाणू कॅलेंडर बघत नाही.

बुधवारी माझ्या मिस्टरांनी दुकान सांभाळलं आणि मी बरोबर गेले. लाइन होती, दीड तास गेला, पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी जे केलं ते बघून मला बरं वाटलं. त्यांनी आधी छोटूचे सगळे कपडे काढून अंगभर बघितलं, कानामागचं बघितल्यावर कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कॅटेगरी तीन. कॅटेगरी म्हणजे असं की नुसता हात लावला, धड कातडीवर चाटलं तर एक, काही करायची गरज नाही. रक्त न येता किरकोळ ओरखडा असेल तर दोन, लस द्यायची. कातडी फाटून रक्त आलं असेल, किंवा फुटलेल्या कातडीवर, तोंडात-डोळ्यात लाळ गेली असेल तर तीन, लस आणि सिरम दोन्ही. एक दाताचं टोक जरी आत गेलं असेल तरी तीनच. छोटूचं रविवारीच तीन होतं, हात बघूनच कळण्यासारखं होतं.

वजन केलं, २२ किलो. घोड्याचं सिरम किलोमागे ४० युनिट, म्हणजे २२ चोक ८८, ८८० युनिट. वायलवर एका मिलीत ३०० युनिट लिहिलेलं होतं, म्हणजे तीन मिलीला जरा कमी. हा हिशोब मॅडमनी आईसमोर कागदावर करून दाखवला. आईने विचारलं घोड्याचं म्हणजे काही रिॲक्शन तर नाही ना येणार. मॅडम म्हणाल्या येऊ शकते, क्वचित, म्हणून ॲड्रेनालिन भरून शेजारी ठेवलंय आणि दिल्यानंतर तासभर इथेच बसायचं. पूर्वीच्या सिरमपेक्षा आताचं खूप शुद्ध असतं हे पण सांगितलं. मला वाटतं कितीतरी ठिकाणी सिरम टाळलं जातं ते ह्याच भीतीने, रिॲक्शन आली तर कोण बघणार. पण क्वचित येणारी रिॲक्शन सांभाळता येते, रेबीज सांभाळता येत नाही.

आता ज्यांना घोड्याचं नको त्यांच्यासाठी मोनोक्लोनल पण आलंय, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेली एकाच ठराविक जातीची अँटिबॉडी. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड आहे, त्याला किलोमागे ३.३३ युनिट पुरतात. सिरम इन्स्टिट्यूटची सुरुवातच घोड्यांपासून आहे, पूनावालांचा घोड्यांचा स्टड फार्म, तिथले म्हातारे घोडे परळच्या हाफकिन संस्थेला सिरम बनवायला जायचे, त्यातून १९६६ मध्ये सायरस पूनावालांनी स्वतःच सिरम बनवायला घेतलं आणि आता त्याच कंपनीने घोडा न लागणारी अँटिबॉडी काढली. आमच्या फ्रिजमधली ती छोटी बाटली हातात घेतली की हे सगळं आठवतं मला.

प्रत्यक्ष द्यायची वेळ आली तेव्हा वडिलांनी छोटूला मांडीवर घट्ट धरलं. बारीक सुईने प्रत्येक भोकाच्या कडेने, आत, चहूबाजूंनी थोडं थोडं. हातावर बरंच मावलं. कानामागे कातडी घट्ट, जागाच नाही, तिथे मॅडम अगदी थेंबाथेंबाने देत होत्या आणि तिथली कातडी फुगून पांढरी पडताना दिसत होती. छोटू इतका ओरडला की बाहेरच्या लाइनीतली दोन लहान पोरं रडायला लागली. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. वडील, पोती उचलून उचलून खांदे दगडासारखे झालेला माणूस, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते "झालं रे बाळा, झालं" एवढंच म्हणत होते. पाच मिनिटांचं काम, पण जखमेतच दिलं म्हणून ते उपयोगाचं. दंडात किंवा कुल्ल्यात टोचून मोकळं झालं तर जखमेतल्या विषाणूपर्यंत पुरेसं पोचत नाही.

मग लसीचा दुसरा डोस, डाव्या दंडात. सिरम आणि लस एकाच सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी देत नाहीत, नाहीतर तयार अँटिबॉडी लसीलाच जाऊन चिकटतील आणि शरीराला शिकायला काही उरणारच नाही. बाळाला गोवराची लस नऊ महिन्यांनी देतात ती पण ह्याच कारणाने, आईकडून आलेल्या अँटिबॉडी ओसरायची वाट बघावी लागते. रविवारच्या हॉस्पिटलात पहिला डोस स्नायूत दिला होता म्हणून पुढचे पण स्नायूतच ठेवले, ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच. बऱ्याच सरकारी हॉस्पिटलात कातडीत देतात, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, ०, ३, ७ आणि २८ ला. एका वायलमध्ये अनेक पेशंट होतात, आणि कातडीत राखणदार पेशी खच्चून असल्याने एवढीशी लस पुरते. आईला ह्यात शंका होती की थोडीशी देऊन फसवतात का, तर नाही, दोन्ही पद्धती मान्य आहेत.

पुढचे चार आठवडे

गंमत बघा, रविवारी चावल्यामुळे उरलेले तिन्ही डोस रविवारीच आले, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. रविवारी ओपीडी बंद, कॅज्युअल्टीत द्यावं लागतं, तिथे वाट बघावी लागते, आणि वडिलांचा तेवढाच एक आरामाचा दिवस. चौदाव्याला गावाकडे लग्न होतं. आई विचारायला आली, सोमवारी घेतलं तर चालेल का, आता तर बरं आहे त्याचं, जखम पण सुकली. मी सरळ नाही म्हटलं. जखम सुकली म्हणजे हाताची कातडी जुळली, आतल्या शिकवणीचा त्याच्याशी काही संबंध नाही. एखाद-दुसरा दिवस मागेपुढे झाला तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही हे खरं, पण हे सांगितलं की लोक त्याचा आठवडा करतात, म्हणून मी आधी नाहीच म्हणते. शेवटी वडील आणि आजी लग्नाला गेले, आई आणि छोटू इथेच राहिले.

सातव्या दिवसाला हॉस्पिटलात लस संपली होती, तेव्हा माझ्याकडून वायल नेली. मी आईला दाखवलं, ही बाटली, आत तळाला पांढरी वडीसारखी सुकी लस, बरोबर पाण्याची ॲम्प्यूल, टोचायच्या वेळी मिसळायची. बर्फाच्या पिशवीत घालून दिली, म्हटलं रिक्षात मांडीवर धर, डिकीत ठेवू नको. लस २ ते ८ डिग्रीमध्येच राहायला हवी. आमच्या फ्रिजच्या दारात मी कधी लस ठेवत नाही, दार उघडझाप होतं, तिथे तापमान सगळ्यात जास्त बदलतं, मधल्या कप्प्यात थर्मामीटरसकट ठेवते आणि सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहिते. लाइट गेली की माझा जीव त्या कप्प्यात असतो.

कुत्र्याचा शोध आम्ही घेतला. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेसमोर ठीकठाक राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. पण ह्याच्यासाठी उपचार थांबवायचे नसतात, उपचार सुरू करून मग कुत्र्यावर लक्ष ठेवायचं. भाजीवाला, वॉचमन, कुत्र्यांना बिस्किटं घालणाऱ्या काकू, सगळ्यांना विचारलं. परत दिसलं नाही. मेलं की दुसरीकडे गेलं, देव जाणे. त्यामुळे ते पिसाळलेलं होतं की नाही हे कधीच कळणार नाही आणि छोटू सिरममुळे वाचला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. ते कळायची वाट बघितली असती तर ज्या प्रकारे कळलं असतं, तो प्रकार मला नको होता, त्याच्या आईला तर अजिबात नको होता.

ह्या सगळ्यात मला सारखं टोचतं ते एकच, "इंजेक्शन झालं" हे वाक्य. आपल्याकडे सगळं एकाच शब्दात बसवतात. खिळा लागला, टीटी घेतली, झालं. पण टीटी ही लस आहे, आधी लस झालेली असेल तर ती आठवण जागी करते, कधीच लस झाली नसेल आणि जखम मातीने भरलेली, खोल असेल तर तिथे पण तयार अँटिबॉडीचं वेगळं इंजेक्शन लागतं. आईला हेपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्यावर १२ तासांच्या आत एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार अँटिबॉडी देतात, ते पण हेच, उसनं आणि घरचं. आई-वडिलांना हे कुणी दोन मिनिटं सांगितलं तर ते स्वतःच विचारतील की दुसरं कुठाय. छोटूची आई काही निष्काळजी बाई नाही. तिला दोन वेगळी औषधं आहेत हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी लिहून दिलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशीचा डोस झाल्यावर ती दुकानात आली, हातात कार्ड. सगळ्या पाच तारखांसमोर सही-शिक्का, आणि खाली वेगळ्या ओळीत सिरमची तारीख, बॅच नंबर, युनिट. मी तिला सांगितलं की हे जपून ठेव, पाचही डोस पूर्ण झालेत म्हणजे छोटूच्या शरीराला आता आठवण राहील, पुन्हा कधी कुत्रं चावलं, वीस वर्षांनी चावलं तरी, धुवायचं तर आहेच पण लसीचे दोनच डोस लागतील, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, आणि सिरम लागणार नाही. मात्र हे कार्ड नसेल तर कुणी विश्वास ठेवणार नाही, सगळं पहिल्यापासून होईल.

तिने लगेच विचारलं झेरॉक्स कुठे मिळेल. समोरच्या दुकानात तीन कॉप्या काढल्या, एक शाळेत द्यायला, एक गावाकडे आजीच्या ट्रंकेत ठेवायला आणि एक मला आणून दिली, म्हणाली आमच्याकडे हरवली तर तुमच्याकडे असू दे. ओरिजिनल लॅमिनेट करून छोटूच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवलंय. माझी कॉपी लसीच्या तापमानाच्या वहीत आहे, पहिल्याच पानाला स्टेपल केलेली.